गाळा रिकामा करायचाय, अण्णांच्या रेकॉर्डींचं काय करू?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या वाचक ४८ वर्षांच्या, पुण्यात नोकरी करतात. वडिलांचं तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर रेकॉर्ड-कॅसेटचं दुकान होतं. १९६८ साली सुरू झालं, २००७ साली बंद पडलं. शटर खाली आलं तेव्हा माल आतच राहिला: ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) साधारण ३०० तबकड्या, ५०० एलपी (मोठ्या, लांब वाजणाऱ्या रेकॉर्डी), ६०० ईपी (छोट्या, मोजक्या गाण्यांच्या), दोनेक हजार कॅसेटी, कॅसेट भरायचा डेक, एक रेकॉर्ड प्लेयर आणि वह्यांचे गठ्ठे. गाळा डिसेंबरअखेर मालकाला परत द्यायचाय. धाकटा भाऊ म्हणतो, मुंबईचा एक व्यापारी सगळं ठोक उचलायला तयार आहे, देऊन मोकळे होऊ. यांच्या मनात सगळं पुण्याच्या फ्लॅटवर आणून एकूण एक रेकॉर्ड डिजिटल करायची आणि नेटवर टाकायची आहे. ‘हे विकलं तर दुकानाची आठवणच विकली असं वाटतं,’ असं त्या लिहितात. अण्णा ८१ वर्षांचे. विचारलं की ‘तुम्ही बघा’ एवढंच म्हणतात; ते दुखावलेत असं यांना वाटतं. ता.क.मध्ये आणखी एक प्रश्न: प्लेयर लावून पाहिला तर गाणं ओढल्यासारखं वाजतं, तो दुरुस्त होईल का?

नमस्कार,

दुकानाची आठवण त्या चौदाशे तबकड्यांत आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. पण बंद दुकानात उरलेला माल म्हणजे काय? न खपलेला माल. ज्या रेकॉर्डींसाठी लोक काउंटरला टेकून उभे राहिले, त्या त्यांनी घरी नेल्या. फळीवर राहिलं ते गावानं नको म्हटलेलं, कंपनीच्या माणसानं गळ्यात मारलेलं, नाहीतर अण्णांचा अंदाज चुकून जास्त मागवलेलं. त्या फळ्यांवर गावाची आवड शोधायला गेलात तर बरोबर उलटं चित्र मिळेल.

गावानं काय ऐकलं ते वह्यांत आहे. तुमच्या पत्रात वह्यांचा उल्लेख यादीच्या शेवटी, ‘गठ्ठे’ म्हणून येतो, आणि व्यापाऱ्याला त्यांच्यात काडीचा रस नसणार. रद्दीत जाणारी पहिली वस्तू तीच. म्हणून रेकॉर्डींना हात लावण्याआधी वह्या बाहेर काढा.

अशा दुकानात साधारणपणे तीन प्रकारचे कागद सापडतात. एक, कंपनीकडे पाठवलेल्या ऑर्डरींची वही किंवा कार्बन कॉपी: कोणती रेकॉर्ड किती नग, कधी. दोन, उधारीची आणि ‘आली की कळवा’ची वही. तिसरे, आणि सर्वांत मोलाचे, कॅसेट भरून घ्यायला लोकांनी आणून दिलेल्या चिठ्ठ्या. सी-६० मध्ये बारा-चौदा गाणी बसतात, सी-९० मध्ये अठरा-वीस. गिऱ्हाईक वहीच्या फाडलेल्या पानावर यादी लिहून आणायचं, दुकानदार समोर खुणा करत भरायचा, जागा उरली तर खाली स्वतःच्या मनानं एखादं गाणं टाकायचा. कायद्याच्या दृष्टीनं हा सगळा मामला कच्चाच होता, पण सिलेक्शन भरून न देणारं दुकान त्या काळात शोधावं लागलं असतं.

या कागदांचं मोल नुसतं भावनेचं नाही. रेडिओवरच्या बिनाका गीतमालेची क्रमवारी मोठ्या दुकानांतला खप आणि श्रोता संघांची पत्रं यांवरून ठरायची. तुमच्या तालुक्यात कोणत्या महिन्यात काय खपलं, ते कोणी विचारलं नव्हतं. ते फक्त अण्णांच्या वहीत आहे. लग्नसराईत बँडवाल्यानं काय भरून नेलं, गणेशोत्सवात मंडळांनी काय मागितलं, उसाचं बिल हातात आल्यावर ईपी सोडून एलपी कोणी घेतली, हे दुसऱ्या कुठल्याही कागदावर नाही. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झालं तेव्हा लोकांनी ऐकायच्या बूथच्या आठवणी काढल्या. पुण्यात कर्वे रस्त्यावरचं अलूरकर म्युझिक हाऊस रसिकांच्या लक्षात आहे ते दुकानदार स्वतः शास्त्रीय संगीताच्या कॅसेटी काढायचा म्हणून. मागच्या फळीवर काय शिल्लक होतं, हे दोन्हीकडे कोणाला आठवत नाही.

वह्या हाताळायची रीत सोपी आहे, घाई मात्र नको. रबरबँड, टाचण्या, स्टेपल काढा. गंज कागद खातो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका: दहा वर्षांत टेप पिवळी पडून गळते आणि डिंकाचा डाग अक्षरावर कायमचा बसतो. लॅमिनेशन तर नकोच. पानांना कोपऱ्यात पेन्सिलीनं क्रमांक घाला. मग खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी वही ठेवून, मोबाईल पानाला समांतर धरून फोटो काढा. फ्लॅश बंद ठेवा, कारण कार्बनची अक्षरं फ्लॅशमध्ये चमकून उडतात. शंभर पानांना तास-दीड तास लागतो. उधारीच्या पानांवर माणसांची नावं आणि रकमा असतील. ती पानं घरात राहू द्या. चाळीस वर्षांपूर्वीचे साडेसात रुपये कोणाच्या नातवाला चारचौघांत दाखवायचं कारण नाही.

आता रेकॉर्डी. न खपलेला माल म्हटल्यावर भावाचं म्हणणं बरोबर ठरतं असं वाटेल. तसं नाही. संग्राहकाच्या बाजारात गणित उलटं चालतं. ज्या हिंदी सिनेमाच्या एलपी हजारोंनी खपल्या त्या आजही प्रत्येक जुन्या घरातून निघतात, त्यामुळे त्यांना फारशी किंमत नाही. जी रेकॉर्ड तेव्हा कोणी घेतली नाही, ती आज कमी उरली आहे. आणि तुमच्याकडची प्रत बहुधा एकदाही न वाजलेली. एखाद्या शाहिराची, कीर्तनकाराची, तमाशाच्या फडाची, वगाची, भाषणाची तबकडी. छोट्या कंपनीचं लेबल. मराठी बोलपटाची ईपी. व्यापारी ठोक रक्कम सांगतो तेव्हा त्याच्या मनात अशाच तीस-चाळीस नगांचा हिशेब असतो, बाकीचे तेराशे तो रस्त्यावर काढतो. त्यात वाईट काही नाही, धंदा आहे. फक्त त्या तीस-चाळीसांत काय आहे ते तुम्हाला त्याच्याआधी कळलेलं असावं.

त्यासाठी यादी हवी. प्रत्येक रेकॉर्डीच्या दोन्ही बाजूंच्या लेबलांचा फोटो आणि एक ओळ: कंपनी, क्रमांक, कलाकार, अवस्था. क्रमांक महत्त्वाचा. ७८ मध्ये एचएमव्हीचा ‘एन’नं, कोलंबियाचा ‘जीई’नं, ट्विनचा ‘एफटी’नं सुरू होणारा दिसेल. लेबल आणि खाच यांच्यामधल्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला आकडाही टिपा. एकाच बाजूला खाच असलेली तबकडी निघाली तर ती वेगळी ठेवा. ती बहुधा १९०८ च्या आधीची. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं तेव्हाच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून यायच्या, आणि तिथल्या कारागिरांना ओळख पटावी म्हणून गायिका शेवटी स्वतःचं नाव उच्चारायची. अशी तबकडी १९६८ च्या दुकानात सापडणं कठीण, पण जुन्या बाजारातून अदलाबदलीत आलेली असू शकते. नेटवर भाव बघताना लोकांनी मागितलेली किंमत सोडा, प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत बघा. डिस्कॉग्स या रेकॉर्डींच्या खरेदी-विक्रीच्या साइटवर ती दिसते. मागितलेल्या किमती बघून अनेक घरांत भावंडांची भांडणं झाली आहेत आणि माल मात्र तिथेच कुजलाय.

दोन माणसं शनिवार-रविवार धरून बसली तर चौदाशे रेकॉर्डींची यादी तीन आठवड्यांत होते. व्यापाऱ्याला यादीतून मलई निवडू देऊ नका. मलई गेली की उरलेल्या ताकाला गिऱ्हाईक नाही. दोघातिघांना तीच यादी पाठवून लॉट पाडून भाव मागवा. आणि पैशांची वाटणी भाव कळण्याआधी भावाशी बोलून ठरवा, नंतर नको.

विकायचं नसेल ते कुठे द्यावं, हेही विचारात घ्या. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था १९९० पासून आहे. ७८ च्या तबकड्यांबद्दल तिथली माणसं जाणून बोलतात. सिनेमाशी संबंधित वस्तू असतील, म्हणजे गाण्यांच्या चोपड्या, पोस्टरं, चित्रपटाच्या रेकॉर्डी, तर पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहेच. मात्र कोणतीही संस्था ‘सगळं घेऊन जा’ म्हटलं तर घेत नाही. यादी पाठवली तर उत्तर येतं.

सगळं डिजिटल करायचा तुमचा बेत जरा मोजून बघू. ५०० एलपी गुणिले ४० मिनिटं म्हणजे ३३३ तास. ६०० ईपींचे १३० तास, ३०० तबकड्यांचे बत्तीसेक. जवळपास ५०० तास नुसते वाजण्याचे. रोज एक तास दिला तरी दीड वर्ष. धुणं, कापणं, नावं देणं वेगळं. आणि हाती काय येणार? यातली बहुतेक गाणी कंपन्यांनी मूळ टेपवरून काढून केव्हाच नेटवर ठेवली आहेत, तुमच्या प्रतीपेक्षा स्वच्छ. त्या दीड वर्षात अण्णांकडून काय काय विचारून घेता आलं असतं, ते मनात धरा.

नेटवर टाकण्याचा कायदाही थोडक्यात सांगायला हवा. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९५८ सालच्या रेकॉर्डीवरचा तो हक्क २०१८ अखेर संपला. पण गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गीतकार १९८० साली गेला असेल तर शब्द २०४० अखेरपर्यंत मोकळे नाहीत. घरात ऐकायला प्रत करणं आणि सगळ्यांसाठी टाकणं यांत हा फरक आहे.

तर डिजिटल करायचं ते दुसरीकडे नसलेलं. म्हणजे बहुतेक कॅसेटींत. दोन हजारांतल्या कंपनीच्या छापील कॅसेटी एका कुशीला करा; त्या ठेवायच्या नाहीत. हाताने लिहिलेलं कव्हर असलेल्या तेवढ्या वेगळ्या काढा: गावातल्या भजनी मंडळाचं गाणं, शाळेचं गॅदरिंग, कोणाचं तरी कीर्तन, दुकानानं भरलेल्या सिलेक्शनच्या मास्टर कॅसेटी. अशा चाळीस निघाल्या तरी खूप झाल्या. त्या थेट डेकमध्ये घालू नका. कॅसेटीच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे बघा. कडेला पांढरी पूड दिसली तर बुरशी आहे, आणि ती एका कॅसेटीतून डेकच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर), हेडवरून पुढच्या कॅसेटीत जाते. तिला वेगळी ठेवा, तिचं काम सगळ्यांत शेवटी. बाकीच्यांत सहा कोनी पेन्सिल घालून चाक थोडं फिरवा. अडकत असेल तर जोर लावू नका, टेप एकमेकींना चिकटलेली असते. मग टेप जिथे हेडला टेकते तिथला स्पंजासारखा फेल्टचा तुकडा जागेवर आहे का बघा. जुन्या कॅसेटीत त्याचा डिंक वाळून तो गळून पडतो आणि आवाज येतच नाही. लोकांना वाटतं गाणं पुसलं गेलं. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर उघडून दोन्ही गुंडाळ्या नव्या कॅसेटीच्या खोक्यात बसवायच्या, दहा मिनिटांचं काम. स्क्रू नसलेली, चिकटवलेली असेल तर सांध्यावर पातळ सुरी घालून उचकटावी लागते. पहिल्यांदा फालतू कॅसेटीवर हात बसवा.

त्यानंतर एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे पळवा, म्हणजे टेपचा ताण सारखा होतो. सी-१२० असेल तर पळवू नका. ती टेप जेमतेम ९ मायक्रॉन जाडीची असते, सी-९० ची १२ असते; डेक ती सहज चावतो. हेड आणि टेप ओढणारा चमकणारा पोलादी दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या इअरबडनं पुसा. रबरी रोलर मात्र नुसत्या ओल्या फडक्यानं, अल्कोहोलनं रबर कडक होतं.

आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटला तर टेप खराब झाली असं ठरवू नका. भरताना डेकच्या हेडचा कोन जसा होता तसाच वाजवताना लागतो. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला एक छोटा स्क्रू असतो. गाणं चालू ठेवून तो अगदी किंचित, पाव फेऱ्याच्या आत, इकडे-तिकडे करा आणि कान झांजेवर किंवा टाळांवर ठेवा. टाळ सर्वांत स्वच्छ वाजतील ती जागा. म्हणूनच अण्णांचा डेक व्यापाऱ्याला देऊ नका. ज्या हेडनं भरलं त्याच हेडनं वाजवलं तर ही खटपट बरीच वाचते. त्याचे आतले बेल्ट बहुधा डांबरासारखे विरघळलेले असतील. ते स्पिरिटनं पुसून नवे घालावे लागतात. टेप दुरुस्त करणारा एखादा म्हातारा कारागीर गावात अजून असेलच.

कॉम्प्युटरवर घेताना २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाईल. तासाला साधारण १ जीबी. चाळीस सी-९० म्हणजे ६० तास, ६०-६२ जीबी. १२८ च्या पेनड्राइव्हवर मावतात, पण नुसत्या पेनड्राइव्हवर विसंबू नका. दोन हार्ड डिस्कवर प्रती करा, एक भावाकडे द्या. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या जागी वजा ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. खरखर काढायचा मोह मूळ फाईलवर आवरा. खरखरीबरोबर तंबोरा आणि श्वासही जातो. साफसूफ करायची ती प्रतीवर.

रेकॉर्डींपैकी जे ठेवणार (शंभर-दीडशेच्या वर ठेवू नका, कारण पुढे सांगते) त्यांची स्वच्छता. आधी ७८ आणि एलपी वेगळ्या करा. ७८ ची तबकडी लाखेची, जड, न वाकणारी; हातातून निसटली तर कौलासारखी फुटते. तिला अल्कोहोल, स्पिरिट, सॅनिटायझर यातलं काहीही लागता कामा नये, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि खाचच पुसली जाते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये मऊ ब्रश बुडवून, झटकून, खाचेच्या दिशेनं गोल फिरवा आणि लगेच टिपा. तडा गेलेल्या तबकडीला पाणीही नको. एलपी-ईपीला एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बिनरंगी सौम्य लिक्विड सोपचे चार थेंब, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं दुसऱ्यांदा. बुरशी असेल तर पाच भागांत एक भाग आयसोप्रोपिल चालेल, फक्त एलपी-ईपीला. नळाचं पाणी वापरलं की वाळल्यावर क्षार खाचेत बसतात आणि प्रत्येक फेऱ्याला टिकटिक येते. लेबलवर डब्याचं झाकण धरा, कागद भिजला की सुटतो. वाळवायचं उभं, भांड्यांच्या जाळीत, पंख्याखाली. उन्हात नाही.

एक चूक मात्र बहुतेक सगळे करतात: धूळ बसलेली रेकॉर्ड सुक्या फडक्यानं खसाखसा पुसतात. धुळीतली रेव खाचेत दाबली जाते आणि बुरशीची पूड घरभर होते. आधी बाहेर ओट्यावर, नाकावर मास्क लावून, कोरड्या मऊ ब्रशनं झटका. ओली झालेली, कुबट वासाची कव्हरं मूळ रेकॉर्डीबरोबर परत ठेवू नका. कव्हर वेगळं वाळवा, रेकॉर्ड नव्या पॉलिथीनच्या आतल्या पिशवीत घाला. जुन्या जाड, चकाकणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या फेका, त्यांच्यामुळे रेकॉर्डीवर धुरकट डाग उठतात.

पुण्याच्या फ्लॅटवर सगळं आणायचा बेत वजनापाशी अडतो. शंभर एलपी कव्हरांसकट २५ किलोच्या आसपास भरतात, ५० तबकड्या दहा-अकरा किलो. तुमचा सगळा माल, कॅसेटी धरून, चार माणसांना उचलायचं काम आहे. एक मीटर फळीवर एलपी साठ-सत्तर किलोंनी बसतात. प्लायवूडची साधी बुककेस वर्षभरात वाकते. रेकॉर्डी उभ्याच ठेवायच्या, अगदी उभ्या. कलत्या ठेवल्या की वाकतात, आडव्या रचल्या की खालच्यांवर वरच्यांच्या कडा उमटतात. पोटमाळा, गच्चीवरची पत्र्याची खोली, उन्हात उभी गाडी, या तिन्ही जागा वर्ज्य. ६० अंशांच्या आसपास रेकॉर्ड मऊ पडते आणि मग थाळीची परात होते. गावाहून आणताना मोठे खोके भरू नका. चाळीस एलपींचा एक खोका, उभ्या, घट्ट पण ठासून नाही. ७८ च्या मध्ये पुठ्ठे.

अण्णा आणि ‘तुम्ही बघा’. तुम्ही यात दुखावलेपण वाचता. असेलही. पण ज्या माणसानं ३९ वर्षं माल हलवण्यातच घालवली, त्याला पडून राहिलेला माल दागिन्यासारखा वाटत असेल असं का धरता? दुकानदाराच्या नजरेला ते अडकलेलं भांडवल असू शकतं. विकलं तर त्यांना वाईट वाटेल की ‘एकदाचं गेलं’ वाटेल, हे तुम्हाला ठाऊक नाही आणि ‘या सगळ्याचं काय करू’ असं विचारून कळणारही नाही. तो प्रश्न फार मोठा आहे. ८१ वर्षांच्या माणसाला लहान प्रश्न विचारा.

एक ईपी त्यांच्या हातात द्या आणि विचारा, ही किती मागवली होती? हा कव्हरवरचा दुकानाचा शिक्का कुणी बनवून दिला? कंपनीचा माणूस कोणत्या वारी यायचा, पैसे रोख की महिन्यानं? ईपी केवढ्याला पडायची आणि केवढ्याला विकायची? रेकॉर्ड ऐकून, पण विकत न घेताच परत जाणाऱ्या गिऱ्हाईकाचं काय करायचात? कॅसेट आल्यावर रेकॉर्डींचं गिऱ्हाईक कोणत्या वर्षी तुटलं? टी-सिरीजच्या स्वस्त कॅसेटी पहिल्यांदा कोणी आणून दाखवल्या? आकड्यांवरून माणसं बोलती होतात, भावनांवरून गप्प होतात. सकाळी चहानंतर, वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. मोबाईल टेबलावर फडक्याच्या घडीवर ठेवा, पंखा बंद. एका बैठकीला पाच रेकॉर्डी किंवा वहीची दोन पानं. ते उत्तर देताना ‘अण्णा, तसं नाही, ते ८२ साली’ असं मध्येच दुरुस्त करू नका. साल वहीतून नंतर काढता येतं. आणि काय ठेवायचं ते शंभर-दीडशे नग त्यांच्या हातून निवडून घ्या. त्यांनी एलपी सोडून पावती-पुस्तक उचललं तर तेही घ्या.

गाळा सोडण्याआधी रिकाम्या फळ्यांचे, काउंटरचे, शटरवरच्या अक्षरांचे फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी धरून. पाटी पत्र्यावर रंगवलेली असेल तर खिळे काढून आणा. भिंतीवरच असेल तर फोटोवर भागवावं लागेल.

राहिला प्लेयर. ओढल्यासारखं वाजतंय म्हणजे मोटर गेली असं नव्हे. वीस वर्षं बंद राहिल्यानं थाळी फिरवणारं रबरी चाक कडक झालेलं असतं आणि मोटरच्या अक्षातलं तेल घट्ट झालेलं असतं. चाक काढून त्याची कड बारीक पॉलिश पेपरवर हलक्या हातानं फिरवायची, अक्षाचं जुनं तेल पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, एकच; रबरावर तेल गेलं तर पुन्हा घसरणार. सुई बदला. वीस वर्षांपूर्वीच्या सुईनं चांगली रेकॉर्ड लावली तर ती खाच कातरते. ७८ ची सुई वेगळी, एलपीची वेगळी. जुन्या प्लेयरच्या सुईच्या टोकाशी ती उलटायची छोटी कळ असते, ती कुठल्या बाजूला आहे ते बघितल्याशिवाय सुईचा दांडा रेकॉर्डीवर सोडू नका.

वेग तपासायला यंत्र लागत नाही. लेबलवर कागदाचा कपटा ठेवा, एलपी ३३ वर लावा, घड्याळ लावून तीन मिनिटं फेऱ्या मोजा. बरोबर १०० भरल्या पाहिजेत. ९४ भरल्या तर गाणं अर्ध्या स्वरानं उतरलंय, पेटीच्या भाषेत काळी दोनचा गायक पांढरी दोनमध्ये गातोय. तुमच्या कानाला ते नुसतं संथ वाटेल. अण्णांना मात्र पहिल्याच ओळीला कळेल, म्हणून त्यांच्यासमोर लावायच्या आधी फेऱ्या मोजून घ्या.